मदत हवी आहे: स्वतः बनवलेली पाणबुडी की टेक्निकल डायव्हिंग?

बडोदेकर७: बडोद्यातल्या मकरपुऱ्याच्या भंगारात लोखंडी टाकी मिळतेय. लांबी अडीच मीटर, व्यास १.२ मीटर, पत्रा ८ मिमी, प्रेशर टेस्टचा शिक्का आहे. एका माणसाची पाणबुडी करायची आहे. घरचे म्हणतात, त्याच पैशात स्कूबा शीक, पुढे टेक्निकल, म्हणजे जास्त खोलीचं डायव्हिंग कर. जाणकारांनीच सांगा. लवकर, सोमवारनंतर टाकी जाईल.

खारावारा: कुठे आणि किती खोल? आजवा तलाव असेल तर सोडा. ते पाणी शहर पितं, शिवाय मगरी.

रावपुऱ्याची_मावशी: मगरींसाठी आजव्यापर्यंत कशाला जायचं? २०२४च्या पुरात विश्वामित्री नदीतून थेट सोसायट्यांत शिरल्या होत्या!

निळाई: सरळ स्कूबा. दिवाळीनंतर तारकर्लीला जा, पाणी नितळ असतं. हौशी डायव्हरची हद्द ४० मीटर. तीस मीटरच्या आसपास नायट्रोजनची नशा चढायला लागते, म्हणून पुढे श्वासाला हेलियम मिसळलेला ट्रायमिक्स वायू, आणि अंगात मुरलेला वायू निघून जावा म्हणून वर येताना थांबे. शिस्त लागते, पण वाट मळलेली आहे.

खारावारा: धागाकर्ते, खोली?

बडोदेकर७: समुद्रात, २० मीटर. तारकर्ली नको. कानाच्या पडद्याचं ऑपरेशन झालंय, डॉक्टरांनी डायव्हिंगला नाही म्हटलंय.

निळाई: अहो, हे आधी सांगायचं ना!

जुगाडू: मग आतली हवा बाहेरच्या पाण्याइतक्याच दाबाची ठेवा. पातळ पत्र्यातही भागतं.

निळाई: आणि त्यांच्या कानाचं काय? तो दाब कानावर येणारच, जास्त वेळ राहिलं तर थांबेही चुकत नाहीत. त्यांना आत जमिनीवरच्याइतकाच हवेचा दाब ठेवणारी पाणबुडी हवी.

जुगाडू: तशीच टायटन पाणबुडी २०२३ साली चिरडली की.

निळाई: ती कार्बन फायबरची, आणि निघाली होती टायटॅनिकच्या अवशेषांकडे, सुमारे ३८०० मीटर खोल. इथे २० मीटरची गोष्ट चाललीय. अमेरिकेतल्या किट्रेज यांच्या एका माणसाच्या, स्टीलच्या के-२५० पाणबुडीची मर्यादाच २५० फूट आहे.

वेल्डर_मकरपुरा: प्रेशर व्हेसल, म्हणजे दाबाच्या टाक्या, हे आमचं रोजचं काम, म्हणून लिहितो. तो शिक्का आतल्या दाबाचा. आतून दाब दिला की पत्रा ताणला जाऊन गोल होऊ पाहतो. बाहेरून दिला की जिथे जरा चपटा असेल तिथे आत बसतो, आणि एकदा बसायला लागला की थांबत नाही. जाडीइतकीच गोलाई आणि आतून आधार देणाऱ्या रिंगा महत्त्वाच्या. शिवाय या टाकीचा आकार २.८ घनमीटर, म्हणजे टाकीचं स्वतःचं वजन, माणूस, शिसं, बॅटऱ्या धरून समुद्रात एकूण जवळपास २.९ टन झाल्याशिवाय ती बुडणारच नाही. ५० सेंमीच्या झाकणावर २० मीटरला ४ टन भार येतो, आतून उघडणार नाही. त्यामुळे आतून सोडता येणारं वजन हवंच. श्वासातला कार्बन डायऑक्साइड शोषणारा सोडा लाइमही हवा, ऑक्सिजन संपायच्या आधी कार्बन डायऑक्साइड मारतो. आठ ठिकाणी व्यास मोजून इथे टाका.

जुगाडू: इतकं कोण मोजतं?

बडोदेकर७: मोजला. सगळीकडे १२०० मिमी, फक्त लांब शिवणीपाशी ११८७. चालेल?

वेल्डर_मकरपुरा: नाही. फरक एक टक्क्याच्या वर गेला, मी अर्ध्या टक्क्यालाच नको म्हटलं असतं. त्यात माणूस बसवू नका. नवीन शेल रोल करून घ्या, रिंगा लावा, आणि आधी माणसाशिवाय, वजन बांधून ३० मीटरला दोरावर उतरवा. वर आल्यावर परत व्यास मोजा.