यंदाच्या पावसात कोणती कादंबरी वाचलीत, आणि कुठे बसून?

केतकीचं बन
मे अखेरीला कौलं परतायला माणसं यायची होती म्हणून माळा रिकामा करायला घेतला. मोडका पाळणा, दोन घंगाळी, आजीचा पाटा, आणि सगळ्यात मागे बाबांची पत्र्याची ट्रंक. उघडली तर वरच 'तुंबाडचे खोत'चा पहिला खंड. पुठ्ठा सुटलेला, पानांना कसर लागलेली, आत खुणेला एसटीचं तिकीट. दुसरा खंड नव्हताच.

बाबांना जाऊन नऊ वर्षं झाली. पावसाळ्यात रात्री वीज गेली की ते कंदील घेऊन ओटीवर बसायचे आणि मोठ्याने वाचायचे. आई आत भाकऱ्या थापता थापता ऐकायची आणि मधेच ओरडायची, "जरा थांबा हो, तवा उतरवून येते." मला कथा काही आठवत नव्हती, तो आवाज आठवला. तिथेच जिन्यावर बसून वीस पानं वाचली.

मग सगळा जून तेच. श्री. ना. पेंडसे आमच्या शेजारच्या मुर्डीचे, हे लहानपणापासून ऐकलेलं. वाचल्यावर कळलं की खोतांचा माज आणि त्यांची कर्तबगारी या माणसाने एकाच तराजूत तोलली आहे, कुणालाच पाठीशी घातलेलं नाही. माणसं मात्र इतकी आहेत की वहीच्या मागच्या पानावर वंशावळ काढली तेव्हा कुठे घडी बसली.

त्यावर 'पडघवली' परत काढली. गो. नी. दांडेकरांची, १९५५ ची. अंबावहिनी स्वतः सांगते आणि वाचताना आजीच समोर बसून बोलतेय असं वाटतं. पण या वेळी एक खटकलं. गाव ओस पडलं म्हणून अंबा रडते ते खरंच आहे, माझेही डोळे भरले. पण त्याच गावातल्या कुळांना ते कसं दिसलं असेल? मुंबईला गिरणीत गेलेल्याच्या हातात पहिल्यांदा रोख पगार पडला असेल. विशीत वाचताना हे मनातही आलं नव्हतं.

मग चव बदलायला नारायण धारपांची 'लुचाई'. समोर काही दिसत नाही तोवर अंगावर काटा राहिला, दिसायला लागल्यावर माझी भीती ओसरली.

तुम्ही काय वाचलंत? कुठल्याही प्रकारची चालेल. नाही आवडली तर तेही सांगा. आणि कुठे बसून वाचलीत ते लिहाच.

खाडीपलीकडे
दुसरा खंड वाचल्याशिवाय राहू नका ताई. आमच्याकडे भाचा आलाय, त्याने कपाटात 'तुंबाडचे खोत' पाहिलं आणि "मामा, 'तुंबाड' सिनेमातला तो राक्षस, हस्तर, कुठल्या पानावर आहे?" म्हणून दोन्ही खंड चाळले. त्याला सांगितलं की २०१८ च्या त्या सिनेमाने या कादंबरीचं नाव तेवढं घेतलं, भीतीचा धागा धारपांच्या एका कथेचा. खट्टू झाला. पण जगबुडीचं नाव आल्यावर थांबला. "ही आपली खेडची नदी?" आपलीच रे बाबा. त्या रात्री साठ पानं वाचून झोपला.

काजूची बी
मी वाचते भांडी घासून झाल्यावर, परसदारी. बाकी नंतर लिहिते, कुकर झाला.

दर्याची पोर
ताई मी हर्णैची. १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत बंदी, होडी वर काढलेली, बाबा पडवीत जाळं शिवत बसतात. त्यांना वाचायला वेळ लागतो म्हणून मी 'एका कोळियाने' वाचून दाखवलं. हेमिंग्वेची १९५२ ची कादंबरी, मराठीत पुलंनी आणलेली. छोटीच आहे, आम्हाला आठ दिवस पुरली कारण बाबा दर पानाला थांबवतात.

म्हातारा सान्तियागो चौऱ्याऐंशी दिवस रिकामा परत येतो. बाबा म्हणाले, "डिझेल लागत नव्हतं म्हणून परवडलं." त्याच्याबरोबरच्या पोराला आईबाप दुसऱ्या होडीवर पाठवतात. मला त्याचं फार वाईट वाटलेलं. बाबांना नाही. "बरोबर केलं त्यांनी. पोट आहे." गळाच्या दोरीने म्हाताऱ्याचे हात कापतात तिथे त्यांनी नुसते स्वतःचे तळवे बघितले.

मासा मिळतो आणि मग मोऱ्या, म्हणजे शार्क, येतात. तिथे बाबांनी सुई खाली ठेवली. पुढे म्हातारा माशाची माफी मागतो, मी फार लांब आलो म्हणून. बाबा म्हणाले, "लांब गेला ही चूक नाही. एकटा गेला ही चूक." आणि मग मी पोटात असतानाची गोष्ट सांगितली. मशीन बंद पडून ते चौघे रात्रभर वाहत गेले होते, उजाडल्यावर दुसऱ्या होडीने ओढून आणलं. तेवीस वर्षांत हे घरात कुणी बोललं नव्हतं. आईसुद्धा. आई चुलीपाशी उभी राहून ऐकत होती.

मला शेवटाला ते सिंह कळले नव्हते. म्हाताऱ्याला स्वप्नात सिंह का दिसतात? बाबांनी लगेच सांगितलं, "तरणा असताना जे बघितलं तेच म्हातारपणी झोपेत येतं."

केतकीचं बन
दर्याची पोर, हे वाचून मी चहा तसाच ठेवून बसले. बाबांना नमस्कार सांग गं.

वेंगुर्ल्याचा निवृत्त शिक्षक
लेकी, तुझ्या बाबांनी जे सांगितलं ते वर्गात इतक्या थोडक्यात मला सांगता आलं नसतं.

मी या पावसात 'ययाति' चौथ्यांदा वाचली. वि. स. खांडेकर १९२० ते १९३८ शिरोड्याला शिक्षक होते, मीही त्याच तालुक्यात नोकरी केली, त्यामुळे माझा जीव त्यांच्यात थोडा जास्त आहे हे कबूल करतो. विसाव्या वर्षी मला ययातीची निवेदनं पाठ होती. चाळिशीत कच मोठा वाटला. आता सदुसष्टाव्या वर्षी मी शर्मिष्ठेची पानं शोधून शोधून वाचली. ययाति, देवयानी, शर्मिष्ठा अशी आळीपाळीने सांगतात, त्यात तिच्या बोलण्याला कमी अलंकार आहेत आणि म्हणून ते टिकलं असं माझं मत. सुविचारासारखी वाक्यं जागोजागी येतात, आजच्या मुलांना ती जड जातात आणि त्यांचं चुकत नाही. पण पुत्राचं तारुण्य मागणारा बाप! दोन मुलगे परदेशी असलेल्या माणसाने ते प्रकरण वाचताना मधे उठून अंगणात फेऱ्या मारल्या.

वाचायची जागा: मागच्या पडवीतली आरामखुर्ची. सौ. म्हणते तिथे पागोळ्या उडतात. उडतात.

खाडीपलीकडे
सर, मुलांशी फोनवर बोलता का रोज?

वेंगुर्ल्याचा निवृत्त शिक्षक
रविवारी. नातीला मराठी वाचायला शिकवतोय, 'श्यामची आई' सुरू आहे, पालगड नकाशात दाखवलं.

पिंगुळीकार
माका काय लांब लिवूक जमाचा नाय. प्रवीण बांदेकरांची 'उजव्या सोंडेच्या बाहुल्या' वाचलंय. तेका २०२२ चो साहित्य अकादमी गावलो तेवाच घेतललंय, वाचूक आता येळ गावलो. आमच्या पिंगुळीच्या ठाकरांच्या कळसूत्री बाहुल्यो आमी ल्हानपणापासून बगतो, म्हणान हातात घेतलंय. सोपा नाय हां ता पुस्तक. पयली पन्नास पाना दोनदा वाचूक लागली. पण आजूबाजूक काय चल्लाहा ता तेनी भिया नसताना लिवलाहा. दुकानात गिराईक नसला की वाचतंय, गल्ल्याच्या मागे बसान.

माडाखालची
'ब्र' कुणी वाचली का? कविता महाजनांची, २००५ ची. मी ग्रामपंचायत सदस्य आहे, गुहागर तालुक्यात. पहिल्या वर्षी मला कागद समोर ठेवून "इथे सही करा वहिनी" एवढंच सांगायचे. वाचायला मागितलं की हसायचे. 'ब्र' मधल्या आदिवासी सरपंच बाया आमच्यापेक्षा कितीतरी जास्त सोसतात, पण ते हसू तेच आहे. मी कादंबरी संपवली त्याच्या पुढच्या सभेत ठरावाची प्रत मागून घेतली आणि सगळ्यांसमोर बसून पूर्ण वाचली. वीस मिनिटं लागली. कुणी हसलं नाही.
थोडी विस्कळीत आहे, मुलाखती जोडल्यासारखी वाटते कधी कधी. मला ते चाललं.

काजूची बी
माडाखालची ताई, शाब्बास! 👏👏
आता माझं. 'शाळा', मिलिंद बोकील. लेक नववीत आहे म्हणून घेतली, कादंबरीतला मुकुंद जोशी पण नववीतच. आणीबाणीच्या वर्षातली गोष्ट. पोरांचं आपसातलं बोलणं तर हुबेहूब, लेकाचे मित्र अंगणात असंच बोलतात आणि मी गेले की गप्प. पण मला शिरोडकर हवी होती, त्याला आवडणारी वर्गातली मुलगी. ती दिसते फक्त त्याच्या डोळ्यांनी. तिच्या मनात काय, तिला घरी काय ऐकावं लागलं असेल, ते कुणी लिहील का? मी नववीत असताना एका मुलाने वहीत चिठ्ठी घातली म्हणून माझी शाळा महिनाभर बंद झाली होती. त्याची नाही.

केतकीचं बन
हे शेवटचं वाक्य. अगं, हे कधी बोलली नव्हतीस.

काजूची बी
तू विचारलं कुठे होतंस. 🙂 बरं, कसर कशी घालवायची सांगा कुणीतरी, माझ्याकडे पण पुस्तकं खाल्ली.

गोवळकोटचा वाटाड्या
कसर: पुस्तक झटकून दोन दिवस कडक उन्हात न ठेवता सावलीत उघडं ठेवा, मग फडताळात कडुनिंबाची सुकी पानं आणि लवंगा. पावसात कपाट भिंतीला चिकटवू नका, चार बोटं मोकळी सोडा. वाळवी असेल तर मात्र ट्रंकच बदला.

मी चिपळूणचा. २२ जुलै २०२१ ला पाणी माझ्या घरात छातीपर्यंत होतं. वाचन मंदिराचीही पुस्तकं गेली, २००५ च्या पुरानंतर पुन्हा एकदा. माझी अडीचशे गेली. जी वाचतील अशी वाटली त्यांच्या पानांत वर्तमानपत्राचे तुकडे घालून पंख्याखाली ठेवली, रोज तुकडे बदलायचे. एकोणीस वाचली. त्यात 'रथचक्र' आहे. यंदा तीच वाचली, फुगलेली, चिखलाचा वास अजून आहे. नवरा निघून गेलेली बाई मुलांना शिकवायचं म्हणून भरलं घर सोडते. मी तिला आधी हट्टी समजायचो. पुरानंतर माझ्या बायकोने तीन महिन्यांत पुन्हा घर उभं केलं, ते बघितल्यावर हट्टी हा शब्द मी मागे घेतला.

खाडीपलीकडे
पुरात आमचंही दुकान गेलं. पुस्तकांचं एवढं लक्षात ठेवणारे तुम्हीच.

कातळावर
कृष्णात खोतांची 'रिंगाण'. आमचं गाव धरणात गेलं तेव्हा मी अकरा वर्षांचा. ट्रकमध्ये सामान चढलं, म्हस चढेना. दुसऱ्या दिवशी नेऊ म्हणाले. 'रिंगाण' मध्ये मागे राहिलेल्या म्हशीला आणायला माणूस परत जातो. आमच्यातलं कुणी गेलं नाही. कादंबरी तीन महिन्यांपासून अर्धी ठेवली आहे. वाईट आहे म्हणून नाही.

माडाखालची
दादा, घाई नको. राहू दे अर्धी.

कातळावर
हो.

पिंगुळीकार
बाबुराव अर्नाळकरांचो झुंजार कोणाकडे आसा काय? काकांक व्हयो. तेंची नजर कमी झाली, मोठ्या अक्षरातलो गावलो तर बरा.

वेंगुर्ल्याचा निवृत्त शिक्षक
माझ्याकडे दोन-तीन आहेत, अक्षर बारीक आहे. काका आले तर मी वाचून दाखवीन. दुपारी तीननंतर केव्हाही.

पिंगुळीकार
सर, घेऊन येतंय तेंका शनवारी. ओले काजी हाडू?

केतकीचं बन
खाडीपलीकडे, दुसऱ्या खंडाचं सांगा. खेडला येऊन न्यायची माझी तयारी आहे. बाबांचा आवाज अर्ध्यावर थांबल्यासारखं झालंय.

खाडीपलीकडे
भाच्याच्या हातात आहे दुसरा खंड, शंभर पानं उरलीत. रविवारी सकाळच्या दापोली गाडीच्या कंडक्टरकडे देतो, ओळखीचे आहेत. स्टँडवर या फक्त.

दर्याची पोर
बाबा विचारतायत पुढचं कुठलं. दर्याचं नको म्हणाले, ते सगळं माहितीये. डोंगराचं द्या.

केतकीचं बन
'माचीवरला बुधा'. बाबांच्या ट्रंकेत आहे, पातळ आहे, चार-पाच दिवसांत होईल. मुंबईतून उठून एकटाच राजमाचीवर राहायला जातो तो म्हातारा. रविवारी खंड घ्यायला दापोलीला येतेच आहे, तशीच हर्णैला उतरते. बाबा पडवीत असतील ना?

दर्याची पोर
असतील. पण तो पण एकटाच जातो म्हणताय, मग बाबा बोलणार हं त्याला.