यानात माणूस नसताना प्राण्यांवरचा परिणाम कसा मोजतात?

प्रश्न: स्टेशनवर अंतराळवीर असतात ते ठीक आहे, पण नुसत्या सॅटेलाइटमध्ये उंदीर पाठवले तर त्यांना खायला कोण घालतं, आणि हाडं झिजली ती वजन नसल्यामुळे की लाँचच्या धक्क्यामुळे, हे कळतं कसं?

उत्तर १: खाणं, पाणी, उजेड सगळं ऑटोमॅटिक. रशियाचा बिओन-एम१ हा सॅटेलाइट 2013 मध्ये 30 दिवस वर होता, 45 उंदीर गेले आणि जिवंत परतले फक्त 16, काही तर खाणं देणारी यंत्रणाच बंद पडली म्हणून मेले. वाचून फार वाईट वाटलं, मदतीला वर कोणीच नाही ना.

उत्तर २: दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर कंट्रोल ग्रुप, म्हणजे तुलनेसाठी ठेवलेला गट. तसेच उंदीर, तसाच पिंजरा, तेच खाणं, पण जमिनीवर. आणि 1977 च्या कॉसमॉस 936 या सोव्हिएत सॅटेलाइटमध्ये तर काही उंदीर यानातच गरगर फिरणाऱ्या सेंट्रीफ्यूजमध्ये ठेवले होते म्हणजे त्यांना पृथ्वीइतकं वजन जाणवत होतं, लाँच तोच, रेडिएशन तेच, फरक फक्त वजनाचा. मला हा प्रयोग फार आवडतो.

प्रश्नकर्ता: अरे वा, हे डोक्यातच आलं नव्हतं! पण यान परत येणारच नसेल तर?

उत्तर २: मग छोटे जीव. 2022 मध्ये बायोसेंटिनल हा नासाचा छोटा सॅटेलाइट यीस्ट घेऊन चंद्राच्याही पलीकडे गेला, वाळवलेल्या पेशी, त्यांना वर गेल्यावर द्रव द्यायचा, पेशी वाढल्या की त्यातला रंग निळ्याचा गुलाबी होतो, सेन्सर तो वाचतो आणि नुसते आकडे खाली येतात.