मदत हवी आहे: जेम्स एन्सॉरचं ‘कॅथीड्रल’, प्लेट पहिली की दुसरी?

ऑस्टेंडच्या जेम्स एन्सॉरच्या (१८६०-१९४९) ‘कॅथीड्रल’ या एचिंगच्या (धातूच्या पत्र्यावर, म्हणजे प्लेटवर, आम्लाने रेषा कोरून घेतलेल्या चित्राच्या) एका छापाची नोंद करायची आहे. हे चित्र त्याने दोनदा कोरलं: १८८६ मध्ये आणि पुन्हा १८९६ मध्ये. देल्तेय या फ्रेंच अभ्यासकाने केलेल्या छापचित्रांच्या सूचीत त्यांचे क्रमांक ७ आणि १०५. माझ्यासमोरचा छाप यांपैकी कोणत्या प्लेटचा, तेवढंच अडलं आहे.

छापील नक्कल नाही. दहापट भिंगाखाली ठिपक्यांची जाळी दिसत नाही, रेषांवर शाईचा उंचवटा आहे, चारी बाजूंनी प्लेटचा दाब उमटलाय. मोजमाप साधारण २४ × १८ सेंमी, पण दोन्ही प्लेटा जवळपास सारख्याच मापाच्या. शिवाय ओलसर कागद छापल्यावर सुकताना आक्रसतो, म्हणून एखाद-दोन मिमीच्या फरकावर विसंबता येत नाही. पेन्सिलची सही खाली उजवीकडे आहे. तिच्यावरून प्लेट ठरत नाही.

खालच्या गर्दीतले बारीक चेहरे पुसट आहेत. इथेच खरा घोळ आहे, कारण झिजलेल्या प्लेटवर नाजूक रेषा आधी जातात आणि शाई जास्त पुसली गेली तरीही तसंच दिसतं. त्यामुळे ‘पुसट म्हणजे पहिली’ हा निकष मला पटत नाही.

कागद माउंटला (मागच्या पुठ्ठ्याला) चिकटवलेला आहे, तो सोडवायचा नाही. म्हणजे मागची बाजू आणि जलचिन्ह (कागदातली उजेडात दिसणारी खूण) दोन्ही पाहता येणार नाहीत.

ज्यांनी दोन्ही छाप शेजारी ठेवून पाहिलेत त्यांना विचारतो: मनोरे, आकाश किंवा गर्दीतली अशी कोणती ठरावीक रेषा आहे, जी एकाच प्लेटवर सापडते आणि फक्त समोरून पाहून ओळखता येते?