डुबी की बुडी?

खाडीपल्याड: ठाण्याजवळच्या मुंब्रा-काल्हेर खाडीपट्ट्यातल्या जुन्या रेती कामगारांच्या आठवणी उतरवून काढतोय. एक आजोबा म्हणाले, "आमी डुबीवर होतो, मंग पंप आले." संपादक बाईंनी त्याचं केलं, "आम्ही बुडी मारून वाळू काढत असू." मला वाटतं डुबी हे कामाचं नाव आहे, नुसती बुडी नव्हे. कोणी ऐकलंय का?

पार्लेकर: बाईंचं बरोबर आहे. आपलं क्रियापद बुडणे. डुबी हिंदीची उसनवारी.

शब्दपिसाट: मग अवधी-ब्रजात 'बूड़ना' आहे त्याचं काय करायचं? अक्षरांची अदलाबदल आहे हो, नुकसानचं नुसकान होतं तशी.

कळव्याची लेक: माझे मामा रेतीच्या होडीवर होते. खाडीच्या तळात बांबू रोवायचा, तो धरून खाली जायचं, श्वास कोंडून बादली भरायची. वरचा गडी ती दोरीने ओढून घ्यायचा. दिवसभर हेच. म्हातारपणी मामांना ऐकू येत नव्हतं, त्यामुळे घरात सगळ्यांनाच ओरडून बोलायची सवय लागली, अजून आहे. पण मामा 'डुबी' म्हणत ते खाली जाणाऱ्या माणसाला. "आज दोन डुबी आलेच नाहीत," असं.

शब्दपिसाट: म्हणजे तिसराच अर्थ! सरकारी कागदात 'हातपाटी-डुबी पद्धत' असते, तिथे ती रीत झाली.

पार्लेकर: सरकारी मराठीचा दाखला कृपया नको. आणि रेती तरी कशाला? वाळू म्हणा.

भीमाकाठचा: आम्ही वाळूच म्हणतो. पण मुंब्र्याला उतरून रिक्षावाल्याला रेतीबंदराऐवजी 'वाळूबंदर' सांगून बघा, कुठे नेतो ते.

खाडीपल्याड: आजोबा सबंध बोलण्यात एकदाही वाळू म्हणाले नाहीत.

कल्याणचा: मुळात तुम्ही सगळे खाडी खाडी करताय ती उल्हास नदी आहे, राजमाचीच्या डोंगरातून येते.

कळव्याची लेक: राजमाचीला नदी असेल. भरतीचं पाणी कल्याणपर्यंत चढतं. तिथल्या दुर्गाडी किल्ल्याखाली उभं राहून कुणी नदी म्हणतं का?

कल्याणचा: आमचे आजोबा म्हणायचे.

कळव्याची लेक: रेतीवाल्यांचं सगळं भरती-ओहोटीवर चालायचं. मामा भांगाची वाट बघायचे, तेव्हा पाण्याला ओढ कमी.

भीमाकाठचा: भांग? केसांचा की प्यायचा?

कळव्याची लेक: अष्टमीच्या आसपासची भरती, जोर नसलेली. उधाणाच्या उलट. वेसाव्याच्या बाजारात कुठल्याही मावशीला विचारा, मासळीच्या भावासकट सांगेल.

पार्लेकर: सुंदर शब्द! सरळ संस्कृत 'भंग'. भरतीचा जोर भंगतो म्हणून.

शब्दपिसाट: पुरावा?

पार्लेकर: कानाला पटतं की.

शब्दपिसाट: तुमच्या कानाला 'डुबी' का पटत नव्हतं मग?

पार्लेकर: तो विषय वेगळा आहे.