नाट्यशाळेत जाऊन अभिनय शिकावा का? तुमचे अनुभव लिहा

बारावीचे निकाल लागले की ओळखीतल्या आईवडिलांचे फोन सुरू होतात. "ती म्हणते नाटकच करायचंय. पाठवू का?" मी पुण्याला विद्यापीठाच्या ललित कला केंद्रात शिकले, आता शाळांमधून नाटक शिकवते, म्हणून मला विचारतात. पण माझं उत्तर एका संस्थेचं आणि एका काळाचं. म्हणून हा धागा. शिकलेल्यांनी, न शिकलेल्यांनी, मधेच सोडलेल्यांनी, सगळ्यांनी लिहा. फी किती गेली, घरून कोण पाठीशी उभं राहिलं, बाहेर पडल्यावर सुरुवातीची वर्षं पोट कशावर भरलं, हे आवर्जून लिहा. अनुभव वाईट असेल तर संस्थेचं नाव नको, काय घडलं तेवढं सांगा.

माझं मत आधीच सांगून टाकते. कर्ज काढून अभिनय शिकायला जाऊ नये. विद्यापीठाच्या किंवा सरकारी संस्थेत जागा मिळत असेल तर सोडू नये.

नाट्यशाळेने मला काय दिलं, तर एक उदाहरण देते. पहिल्या वर्षी आवाजाच्या तासाला सरांनी माझ्या हातात वर्तमानपत्राचा अग्रलेख दिला आणि स्वतः हॉलच्या पार टोकाला जाऊन पाठमोरे उभे राहिले. जे वाक्य पूर्ण ऐकू येणार नाही तिथे ते हात वर करणार. जवळजवळ प्रत्येक वाक्याला हात वर जात होता. मराठीत क्रियापद शेवटी येतं आणि तिथे पोचेपर्यंत माझा श्वास संपलेला असायचा. 'मी त्याला' एवढं टोकापर्यंत जायचं; मारलं की माफ केलं, ते जायचं नाही. कॉलेजात करंडकाच्या, म्हणजे एकांकिका स्पर्धेच्या, तालमी करताना हे कुणी दुरुस्त केलं नव्हतं. करणार कधी? प्राथमिक फेरी डोक्यावर आलेली असते, तेव्हा दिग्दर्शक ब्लॉकिंग (स्टेजवर कोण कधी कुठे असेल ते) बसवेल की तुमचा श्वास? शाळेत या एका गोष्टीसाठी एक सबंध सत्र मिळालं. मी पैसे कशाचे मोजले असं कुणी विचारलं तर मी या वेळेचे म्हणेन.

आता तुम्ही लिहा.

मूळचा सोलापूरचा, सध्या मुंबई

मी दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयात होतो. पालकांना बऱ्याचदा माहीत नसतं म्हणून लिहितो: तिथे बारावीनंतर जाता येत नाही. पदवी लागते, नाटकांत काम केल्याचा अनुभव लागतो, मग ऑडिशन, आणि त्यातून निवडलेल्यांचं दिल्लीत वर्कशॉप. त्यातूनही अंतिम यादीत मोजकीच मुलं येतात. सोलापूरचे अतुल कुलकर्णी तिथून १९९५ मध्ये शिकून बाहेर पडले हे आमच्याकडच्या प्रत्येक नाटकवाल्या पोराला तोंडपाठ असतं, त्यामुळे घरी समजावताना एक नाव तरी हाताशी होतं. पण वडिलांचा होकार मिळाला तो शिष्यवृत्तीमुळे. तीन वर्षं दरमहा शिष्यवृत्ती असते. घरून पैसे मागवावे लागले असते तर मी गेलोच नसतो.

पहिल्या वर्षी सगळ्यांनी सगळं करायचं. सुतारकाम, कपडे, रंगभूषा, दिवे, योग. अभिनय करायला आलेल्या मुलाला हातात रंधा दिला की राग येतो, मलाही आला. पण स्वतः बनवलेल्या पायरीवरून उतरताना पाय बरोबर पडतो, खाली बघावं लागत नाही.

सगळ्यात जड गेलं ते ऐकणं. एकांकिका स्पर्धांमुळे मला सवय लागलेली की पडदा उघडला की लवकरात लवकर लाफ्टर किंवा टाळी यायलाच हवी. तिथे एका प्रवेशात मला नुसतं स्टुलावर बसून समोरच्या मुलीचं बोलणं ऐकायचं होतं. माझ्या भुवया हलायच्या, मान हलायची, हाताला चाळा लागायचा. दिग्दर्शिका दर वेळी थांबवायच्या आणि एकच विचारायच्या, "तिने आत्ता काय सांगितलं?" मला सांगता यायचं नाही. स्वतःचं वाक्य कधी येतंय याची वाट बघत मी बसलेला असायचो. आज कॅमेऱ्यापुढे मला जी काही थोडी कामं मिळतात ती या एका गोष्टीवर मिळतात असं मी मानतो.

आता दुसरी बाजू. मुंबईत आरामनगरच्या ऑडिशनला माझी पदविका कुणी विचारली नाही. नाव, उंची, वय, डावा प्रोफाइल, उजवा प्रोफाइल, हात दाखवा, चला पुढचा. मालिकेत काम मिळालं तरी पैसे नव्वद दिवसांनी येतात, तोवर भाडं कुठून भरायचं याची तजवीज करून मगच मुंबईत या. पहिली कामं मिळाली ती बॅचच्या मुलांकडून. ती ओळख शाळेशिवाय झाली नसती, हेही तितकंच खरं.

सांगली, निवृत्त

वेगळं मत मांडतो. मी वीज मंडळात नोकरी केली आणि राज्य नाट्य स्पर्धेत हौशी नट म्हणून काम केलं. ही स्पर्धा १९५४ पासून चालू आहे, महाराष्ट्रातल्या गावोगावच्या नटांनी तिथेच शिकून घेतलं. डॉ. श्रीराम लागू कानघशाचे डॉक्टर. निळू फुले बागकाम करायचे. यांतलं कोण तीन वर्षं वर्गात बसलं? पोराला एखाद्या चांगल्या संघात घाला. प्रॉम्प्टिंग करू दे, नेपथ्य उचलू दे, जुन्या माणसाचं एक्झिट घेणं विंगेतून बघू दे. अंगात असेल तर येईल. नोकरी सोडायला लावू नका. मी नोकरी धरली म्हणून कुणाच्या दारात न जाता मला हवं तेच नाटक करता आलं.

धागाकर्ती

काका, नोकरीचं तुमचं म्हणणं मला पटतं. पण लागूंना पुण्यात पीडीए ही नाट्यसंस्था मिळाली, तिथे दिग्दर्शक भालबा केळकर मिळाले. निळूभाऊंना सेवादलाचं कलापथक मिळालं. रोज तालीम, वर्षानुवर्षं तीच माणसं, चुकलं तर तोंडावर सांगणारा कुणीतरी. मी याला शिक्षणच म्हणते. तुमच्या सांगलीत असा संघ अजून सापडेल. नंदुरबारच्या किंवा हिंगोलीच्या मुलीने तो कुठे शोधायचा? तिच्यासाठी विद्यापीठाचा विभाग हाच तो संघ असतो.

अंधेरी (नाव देत नाही)

माझा अनुभव खाजगी संस्थेचा. फी काही लाखांत, कोर्स एक वर्षाचा, बाबांनी पीएफमधून पैसे काढले. माहितीपत्रकावर मोठमोठे चेहरे होते. प्रत्यक्षात ते एकेकदा येऊन गेले, स्वतःच्या आठवणी सांगितल्या, सेल्फी झाले. रोजचे तास घ्यायला आमच्याच आधीच्या बॅचची मुलं. वर्षभरात एकही पूर्ण लांबीचं नाटक झालं नाही. शेवटी 'शोरील' म्हणून प्रत्येकाचा दीडेक मिनिटाचा तुकडा शूट करून दिला, सगळ्यांना तीच खिडकी आणि तोच सोफा. कास्टिंगवाल्यांनी तो सोफा ओळखायला सुरुवात केली होती.

बाबा कधीच काही बोलले नाहीत, म्हणून मीच इथे लिहितेय. प्रवेश घ्यायच्या आधी तीन गोष्टी विचाराच: वर्षभर रोज शिकवणारं कोण आहे, गेल्या बॅचने कुठलं पूर्ण नाटक केलं, आणि मधेच सोडलं तर फी परत मिळते का. 'काम मिळवून देऊ' असं कुणी म्हणालं तर लेखी मागा, आणि लेखी द्यायला तयार नसतील तर उठून या.

वडसा, जि. गडचिरोली

मी झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भातल्या गावोगावच्या नाटकांत, काम करतो. आमचा सीझन दिवाळीनंतर लागतो. गावात मंडई (आमच्याकडची जत्रा) नाहीतर शंकरपट (बैलांची शर्यत) असला की नाटक आलंच. रात्री सुरू होतं ते पहाटेपर्यंत. प्रेक्षक हजारांत, थंडी मरणाची, आणि दुसऱ्या रात्री दुसरं गाव. शाळेत जाऊ की नको हा प्रश्न आमच्यासमोर कधी नव्हता, कारण काम आधीच हातात होतं. आमची अडचण घशाची. भर सीझनात आवाज फुटतो, मग ज्येष्ठमध चघळत, गरम पाणी पीत ओढायचं. नागपुरात एका शिबिरात श्वास पोटातून घेऊन बोलायला शिकवलं, ओठ मिटून गुणगुणत गळा तापवायला शिकवलं. एवढ्या साध्या गोष्टी, पण त्या पुढच्या सीझनला मी शेवटच्या प्रयोगापर्यंत टिकलो. माझ्याबरोबरचा एक चांगला नट मात्र आवाज गेल्यामुळे घरी बसला. शाळा आमच्याकडे का येत नाही? तीन वर्षं आम्हाला जमणार नाही. पावसाळ्यात काम नसतं, तेव्हा एक महिना या आणि शिकवा. आम्ही सगळे येऊ.

न्यू जर्सी

माझ्या मुलीच्या बाबतीत हा निर्णय नुकताच झाला. इथे दोन वाटा असतात. एक बीएफए, म्हणजे फक्त कलेचीच पदवी, कॉन्झर्व्हेटरी पद्धतीची, चार वर्षं दिवसभर स्टुडिओ, बाकी विषय नावापुरते. दुसरी साधी बीए, नाटक मुख्य विषय आणि बरोबर आणखी काहीही. बीएफएसाठी आधी व्हिडिओ पाठवायचा, त्यातून निवड झाली की ऑडिशन. हिवाळ्यात न्यूयॉर्क, शिकागो, लॉस एंजेलिस इथे अनेक शाळा एका ठिकाणी येऊन ऑडिशन घेतात. मुलं हॉटेलच्या कॉरिडॉरमध्ये भिंतीकडे तोंड करून दोन विरोधी स्वभावाची स्वगतं पुटपुटत असतात. त्यांच्यात माझी मुलगीही होती आणि मला तिचा अतिशय अभिमान वाटला.

एका नामांकित ठिकाणी तिला जागा मिळाली. राहण्याजेवण्यासकट खर्च वर्षाला ऐंशी हजार डॉलरच्या वर. कर्ज तिच्या नावावर जाणार होतं. आम्ही तिघांनी बसून हिशेब मांडला: हप्ता सुरू झाला की तिला मिळेल ती नोकरी धरावी लागेल, आणि ऑडिशन दिवसाच असतात. ज्या कामासाठी शिकायचं तेच करायला वेळ उरणार नाही. तिने स्वतः राज्य विद्यापीठातली बीए निवडली. येल विद्यापीठाच्या नाट्यशाळेत २०२१ पासून शिक्षणशुल्क नाही, डेव्हिड गेफेन यांच्या १५ कोटी डॉलरच्या देणगीमुळे. पण ते पदवीनंतरचं शिक्षण आहे आणि जागा अगदी थोड्या. तिचा डोळा आता तिथे आहे. मला वाटतं तेव्हा ती बावीस वर्षांची असेल, चार पुस्तकं जास्त वाचलेली असतील, आणि नाही मिळालं तरी डोक्यावर काही नसेल.

मराठवाडा विद्यापीठ, नाट्यशास्त्र

मी अभिनय शिकायला गेलो आणि दिव्यांकडे वळलो. परीक्षेच्या प्रयोगाला लाइट ऑपरेट करणारा मुलगा आजारी पडला, मी बसलो, आणि स्टेजवर असताना कधी मिळाला नव्हता तो आनंद त्या केबिनमध्ये मिळाला. आज प्रकाशयोजनेवर घर चालतं, नाईट (प्रयोगाचं मानधन) ठरलेली असते, दौरे असतात. खाजगी अभिनय-वर्गात गेलो असतो तर दिव्याला हात लावायला मिळाला नसता. मुलगा 'अॅक्टिंगच' म्हणत असेल तरी जिथे सगळी खाती शिकवतात तिथेच पाठवा.

नाशिक

धागा वाचला. माझी मुलगी बारावीला आहे, गणितात बरी, नाटकात फारच चांगली (मी आई आहे, पण शिक्षकही तेच म्हणतात). तिच्या डोक्यात एफटीआयआय, पुण्याची फिल्म इन्स्टिट्यूट, आहे. तिचे बाबा म्हणतात आधी इंजिनिअरिंग कर. काय करू?

धागाकर्ती

ताई, एफटीआयआयचा अभिनयाचा अभ्यासक्रम मधे बरीच वर्षं बंद होता, २००४ मध्ये परत सुरू झाला. त्यालाही पदवी लागते. मुंबई विद्यापीठाच्या अकॅडमी ऑफ थिएटर आर्ट्सलाही पदवी लागते. म्हणजे पुढची तीन-चार वर्षं तिला कुठली तरी पदवी करायचीच आहे, वाद फक्त कुठली एवढाच. ललित कला केंद्रात बारावीनंतर बीए करता येतं, ही एक वाट. तिने विज्ञान घेतलं तरी चालेल, पण मग पुण्यामुंबईचं असं कॉलेज बघा जिथला नाटकाचा संघ दरवर्षी करंडकाला उतरतो. इंजिनिअरिंगच्या कॉलेजांतही असे भक्कम संघ आहेत, हे बाबांना सांगा. आणि या सुट्टीत तिला घेऊन विद्यार्थ्यांचा एखादा प्रयोग बघायला या. प्रयोगानंतर सेट उतरवायला थांबू द्या तिला, मुलांशी बोलू द्या. मला निरोप टाका, मी पण येते.