मदत हवी आहे: बाईकचा फ्यूज सारखा उडतोय, शनिवारी पहाटे निघायचंय

घाटवाट

नमस्कार मंडळी. शनिवारी पहाटे ताम्हिणीमार्गे दिवेआगर आणि पुढे हरिहरेश्वर असा बेत आहे, आणि ऐन वेळी गाडीने नाटकं सुरू केलीत. हँडलला मोबाईल चार्जर आणि क्रॅश गार्डवर दोन फॉग लाइट बसवून घेतलेत. आता चालता चालता चार्जर मरतो. त्याच्याबरोबर हॉर्न, इंडिकेटर, मागचा ब्रेक लाइट, सगळंच जातं. इंजिन आणि हेडलाइट चालू राहतात. फ्यूज बदलला की सगळं परत सुरळीत, मग पुन्हा कधीतरी उडतो. गॅरेजात नेली तर तिथे उडतच नाही! "साहेब, गाडी एकदम ओके आहे" म्हणून परत पाठवतात. चार्जर बसवणारा म्हणतो, माल चांगला आहे, तुमचं वायरिंगच खराब असेल.

एवढंच सांगा: चार्जर बदलू की फॉग लाइट काढून टाकू? लवकर सांगा, लांबलचक चर्चा नको.

कोथरूडचा_काका

चर्चा आखूड हवी असेल तर माहिती तरी लांबलचक द्या हो. गाडी कुठली, कुठल्या सालची, फ्यूज किती अँपिअरचा, चार्जरची लाइन कुठून घेतलीय? यातलं काहीच लिहिलेलं नाही. आम्ही काय पंचांग बघून सांगायचं?

रिले_लावा

रिले, म्हणजे विजेने चालू-बंद होणारा स्विच, तो लावा. विषय संपला. ॲक्सेसरी कुठलीही असो, थेट हॉर्नच्या नाही तर इंडिकेटरच्या वायरला टोचून लाइन घ्यायची नाही. चार पायांचा साधा रिले घ्या. ३० नंबरच्या पायाला बॅटरीचा प्लस, मध्ये फ्यूज टाकून. ८७ वरून चार्जरला. ८५ अर्थला, म्हणजे गाडीच्या लोखंडी बॉडीला. ८६ ला चावी फिरवल्यावर चालू होणारी कुठलीही वायर. नाना पेठेत रिले, सॉकेट सगळं मिळतं. मी माझ्या, भावाच्या आणि सासऱ्यांच्या गाडीलाही लावून दिलाय.

अर्धवट_अभियंता

इतकं कशाला? फ्यूज उडतोय म्हणजे लहान पडतोय. २० चा टाका, नाही तर ३० चा. ट्रिप करून या, मग बघा निवांत.

निवृत्त_वायरमन

वरचा सल्ला कृपा करून कोणी ऐकू नका. फ्यूज चार्जरला वाचवायला नसतो, वायरला वाचवायला असतो. त्या बारीक वायरीला झेपेल त्याच्या वर गेलं तर फ्यूजने मरायचं असतं. तुम्ही ३० चा टाकलात तर फ्यूज राहील आणि वायर जळेल, तीही पेट्रोलच्या टाकीखालून जाणारी. माझी सगळी नोकरी असल्या करामती निस्तरण्यात गेली.

घाटवाट

गाडी २०१९ ची, बीएस-४, एबीएस असलेली. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. लिहिलं की त्या गाडीचे भक्त आणि वैरी दोघेही धावून येतात आणि माझा प्रश्न बाजूला पडतो. फ्यूज निळ्या रंगाचा आहे, वरचा आकडा पुसलाय. लाइन कुठून घेतलीय ते दुकानदाराला माहीत, मी चहा प्यायला गेलो होतो. रिले आहे की नाही तेही माहीत नाही. सीटखाली एक काळी डबी दिसते.

कोथरूडचा_काका

निळा म्हणजे १५. लाल १०, निळा १५, पिवळा २०. आणि २०१९ ची म्हणजे हेडलाइट बंद करायचं बटणच नाही, एप्रिल २०१७ पासून नव्या गाड्यांना दिवा कायम चालूच. त्यात फॉग लाइट. बॅटरी तपासलीत का? इंजिन बंद असताना साडेबाराच्या वर व्होल्ट हवेत, थोडं रेस केल्यावर चौदाच्या आसपास. तेवढे येत नसतील तर बॅटरीचं चार्जिंग सांभाळणारा रेग्युलेटर बघा.

निवृत्त_वायरमन

काका, बॅटरी उतरली म्हणून फ्यूज उडत नसतो. उगाच त्यांना बॅटरी घ्यायला लावू नका. जरा हिशेब करा. दोन इंडिकेटर १०-१० वॅटचे, ब्रेकचा बल्ब २१ वॅटचा, चार्जर फार तर १८ वॅटचा. सगळे मिळून पाचेक अँपिअर. त्यावर हॉर्न धरा. सगळं एकाच वेळी दाबून बसलात तरी १५ चा फ्यूज उडायचं कारण नाही. म्हणजे लोड जास्त नाही, कुठेतरी वायर बॉडीला लागतेय. घाटवाट, उडालेला फ्यूज टाकून दिलात का? उजेडात धरून बघा. तार मधोमध शांतपणे वितळलीय, की आतून काळा डाग पडलाय?

नळस्टॉप

थोडं वेगळं, पण महत्त्वाचं. मोबाईल हँडलला लावूच नका! मोठ्या इंजिनाच्या मोटारसायकलच्या थरथरीने आयफोनच्या कॅमेऱ्याचं स्थिरीकरण बिघडू शकतं, असं खुद्द ॲपलने २०२१ मध्ये जाहीर केलंय. थरथर शोषणारा होल्डर घ्या, नाही तर फोन खिशात ठेवून कानात आवाज ऐका. ताम्हिणीत नकाशा कशाला लागतो? एकच रस्ता आहे.

घाटवाट

माझा आयफोन नाही. फ्यूजमध्ये काळा डाग आहे, अगदी धूर झाल्यासारखा.

बुलेटवाली_वारजे

मग शॉर्टच, वायर कुठेतरी बॉडीला टेकतेय. आता तीन प्रश्न, नीट उत्तरं द्या म्हणजे शनिवारी निघाल. १) फ्यूज उडतो तेव्हा फॉग लाइट पण जातात का? २) चार्जरची पिन काढून ठेवल्यावर कधी उडालाय का? ३) उडतो तेव्हा तुम्ही नेमकं काय करत असता? "कधीतरी" हे उत्तर चालणार नाही.

घाटवाट

फॉग लाइट जात नाहीत, ते चालूच असतात. त्याचा काय संबंध? चार्जरमध्ये फोन नसतानाही उडालाय. काय करत असतो म्हणजे काय, गाडी चालवत असतो! एकदा भूगावच्या स्पीड ब्रेकरवर उडाला. एकदा सोसायटीत वळताना. एकदा हिंजवडीला ऑफिसच्या गेटपाशी, तिथेही आत वळतच होतो. आणि फ्यूज बदलणं म्हणजे डोकेदुखी आहे. फ्यूज बॉक्स सीटखाली, आणि सॅडल बॅगांचा पट्टा सीटच्या खालून जातो. आधी बॅगा उतरवायच्या, मग सीट.

बुलेटवाली_वारजे

थांबा थांबा. बॅगा? बॅगा कधी आल्या?

घाटवाट

ट्रिपला जायचंय तर बॅगा नकोत का? दोन्ही बाजूंना सॅडल बॅगा आहेत, चाकात जाऊ नयेत म्हणून आतून लोखंडी स्टे, म्हणजे आधाराच्या पट्ट्या, बसवलेत. तो इलेक्ट्रिकलचा भाग नाही म्हणून लिहिलं नाही.

साडीगार्ड_समर्थक

स्टे बसवताना डावीकडचं साडी गार्ड काढलंत का? बहुतेक जण काढतात आणि भंगारात देतात. मागे बसणाऱ्यासाठी हाताला धरायला काहीतरी, पाय ठेवायला जागा आणि मागच्या चाकाच्या निम्म्या भागाला आडोसा, हे मोटार वाहन नियमांतच लिहिलंय. ओढणी चाकात गेली की काय होतं ते मी बघितलंय.

मुळशी_मावळ

स्टे, सॅडल बॅगा सगळं विसरा. टेल बॅग घ्या, गोल गुंडाळायची ड्राय बॅग. पावसात सॅडल बॅगांचं रेनकव्हर हमखास उडतं. कपडे आधी जाड प्लास्टिकच्या पिशवीत घालून मगच बॅगेत भरा. आणि आकडेवाली रबरी दोरी वापरू नका, सुटून डोळ्यावर बसते किंवा चेनमध्ये गुंततो आकडा. बकलचा सपाट पट्टा घ्या.

रिले_लावा

मागे जोडीदार बसणार असेल तर टेल बॅग कुठे ठेवणार, डोक्यावर? सॅडल बॅगच बरी, वजन खाली राहतं. सायलेन्सरच्या बाजूची तेवढी उंच बांधायची, नाही तर तळाला भोक पडतं.

मुळशी_मावळ

जोडीदार बसणार असं धागाकर्त्याने कुठे लिहिलंय?

घाटवाट

बायको येणार आहे. तिनेच हेल्मेटही घेतलंय नवीन.

कोथरूडचा_काका

पुण्यात राहून स्वखुशीने हेल्मेट! वहिनींना नमस्कार सांगा.

बुलेटवाली_वारजे

हेल्मेटचा विषय काढू नका हो, धागा दिवाळीपर्यंत चालेल.

घाटवाट, आता वाचा. फॉग लाइट वाचतात, म्हणजे त्यांची लाइन आणि फ्यूज वेगळा. तुमची ती काळी डबी बहुतेक त्यांचाच रिले. ते काढू नका. चार्जर हॉर्न-इंडिकेटरच्या लाइनवर बसवलाय, म्हणून फ्यूज गेला की तोही जातो. तो बिचारा मेलेल्यांपैकी आहे, मारणारा नाही. आता स्टे. बऱ्याच गाड्यांना स्टेचा वरचा बोल्ट मागच्या इंडिकेटरच्या बोल्टवरच येतो. तिथे इंडिकेटर सोडवतात, मध्ये स्टेची पट्टी घालतात आणि परत आवळतात. इंडिकेटरची वायर त्याच भोकातून बाहेर येते. तुमचा फ्यूज वळताना उडतो, म्हणजे इंडिकेटर चालू असताना. गॅरेजात का उडत नाही? कारण तिथे सीट काढायला बॅगा आधीच उतरवलेल्या असतात!

कुठल्या बाजूला वळता सोसायटीत?

घाटवाट

डावीकडे. ऑफिसला पण डावीकडेच. पण स्पीड ब्रेकरचं काय?

बुलेटवाली_वारजे

भूगावात गाडी बाजूला घेताना डावा इंडिकेटर दिला असेल आणि तसाच राहिला असेल. आपल्याकडे निम्म्या गाड्यांचा इंडिकेटर थेट घरी पोचल्यावर बंद होतो.

निवृत्त_वायरमन

बाईंचा तर्क बरोबर वाटतो, पण तर्कावर घाट उतरू नका, तपासून घ्या. नवे फ्यूज जाळायची गरज नाही. ब्रेक लाइटचा १२ व्होल्ट २१ वॅटचा बल्ब घ्या, होल्डरसकट. दोन वायरी जोडा आणि फ्यूज काढून त्याच्या दोन खाचांत त्या खोचा. बल्ब आता फ्यूजच्या जागी आहे. शॉर्ट झाला तर बल्ब पूर्ण पेटेल, बाकी काही जळणार नाही, कारण बल्बमधून दोन अँपिअरच्या आतच जातं. दोन्ही वायरी सीटच्या फटीतून बाहेर काढा, सीट बसवा, बॅगा लादा. मग चावी फिरवा, डावा इंडिकेटर द्या आणि कोणाला तरी बॅगेवर जोर द्यायला सांगा. ब्रेक किंवा हॉर्न दाबू नका, त्याने बल्ब तसाही पेटेल. इंडिकेटर मंद चालेल, नीट लुकलुकणार नाही, ते सोडून द्या. बॅग खाली दाबल्यावर बल्ब लख्ख झाला की जागा सापडली. मल्टीमीटर असेल तर चावी बंद करून इंडिकेटरची वायर आणि बॉडी यांच्यात रोध मोजा. नुसत्या बीपवर जाऊ नका, चांगल्या बल्बमधूनही बीप येते. मीटर नसेल तर बुधवार पेठेत तपकीर गल्लीत मिळेल.

अर्धवट_अभियंता

एवढ्या वेळात २० चा फ्यूज टाकून माणूस माणगावला पोचला असता.

निवृत्त_वायरमन

गाडीशिवाय.

नळस्टॉप

फॉग लाइट पांढरे आहेत की पिवळे? पावसात आणि धुक्यात पिवळेच बरे. आणि समोरून कोणी आलं की बंद करत जा. त्या पांढऱ्या एलईडीने आमच्या डोळ्यांपुढे काजवे चमकतात.

घाटवाट

केलं. बल्ब तसाच लावला. आधी बॅगा नसताना डावा, उजवा दोन्ही दिले, बल्ब जेमतेम मिणमिणला. मग बायकोने डाव्या बॅगेवर हाताने भार दिला आणि बल्ब एकदम फाडकन पेटला. हात काढला की पुन्हा मंद. उजवीकडे असं काही नाही.

डावा इंडिकेटर सोडवला. स्टेच्या पट्टीचं भोक ड्रिलने मोठं केलेलं आहे, आणि त्याची कडा घासलेलीसुद्धा नाही, बोटाला लागते. दोन वायरी त्या कडेवर आवळून बसलेल्या. एकीचं प्लास्टिक चिरलंय आणि आत तांबं दिसतंय, तिथे पट्टीवर काळा ठिपका आहे. बॅग रिकामी असली की तार कडेपासून किंचित दूर राहते. भरली की पट्टी वाकते आणि तार टेकते. दुकानात विचारलं तर म्हणाले, स्टे आम्ही विकला, तो बसवला आमच्या पोराने, पण वायर तुमची.

आता पुढे काय करू? तिथे नुसती टेप गुंडाळली तर चालेल का? बुलेटवाली ताई, धन्यवाद.

बुलेटवाली_वारजे

टेप नको, पावसात चिकट होऊन सुटते. आधी कानशीने भोकाची कडा गोल करा. भोकात रबरी ग्रोमेट, म्हणजे कडेवर बसणारी रिंग, बसवा. चिरलेला तुकडा कापून नवी वायर जोडा, त्यावर गरम करून आवळणारी स्लीव्ह चढवा. वायर बोल्टखालून न घेता मडगार्डच्या आतून फिरवा, थोडी सैल ठेवून. उजवी बाजूही उघडून बघा. तिचं भोक पण त्याच पोराने पाडलंय. आणि १५ चेच चार-पाच फ्यूज सीटखाली नको, खिशात ठेवा.

रिले_लावा

आणि परत आलात की चार्जरला रिले.

निवृत्त_वायरमन

जोड मात्र सोल्डर करून घ्या. नुसती पिळलेली तार घाटात टिकत नाही.

बुलेटवाली_वारजे

सोल्डर नको, वायरमनसाहेब. घरच्या वायरिंगला ठीक आहे. बाईकवर सोल्डर तारेत शिरून ती कडक होते आणि थरथरीने नेमकी त्याच्या कडेला तुटते. चांगल्या पकडीने क्रिंप करा, म्हणजे जोडावर धातूची नळी दाबून बसवा, वर स्लीव्ह.

निवृत्त_वायरमन

माझ्या स्कूटरचा सोल्डर अजून तसाच आहे.

बुलेटवाली_वारजे

तुमची स्कूटर अजून चालते का?

निवृत्त_वायरमन

तो वेगळा विषय आहे.