स्वस्त दुकान येतंय म्हणून सोसायटीत वाद : तुमच्याकडे काय झालं?

करीरोडची_लेक:
आईच्या फोनवरचा सोसायटीचा ग्रुप मीच बघते. ती लालबागला रिहॅबच्या (पुनर्विकासात जुन्या रहिवाशांना मिळालेल्या) बिल्डिंगमध्ये, मी डोंबिवलीला. काल रात्री त्यावर एक अर्ज फिरत होता. आमच्या रिहॅबखालचे तीन गाळे एका स्वस्त किराणा साखळीने भाड्याने घेतलेत, त्याविरुद्ध सेलच्या (बिल्डरने बाजारभावाने विकलेल्या) टॉवरमधून सह्या गोळा करणं चाललंय. टेम्पो येतील, पार्किंग अडेल, पहाटे आवाज होईल, हे सगळं मला समजतं. पण शेवटी इंग्रजीत एक ओळ आहे, तिचा अर्थ असा की या दुकानात येणारा वर्ग आपल्या परिसराला शोभणारा नाही. वाचलं आणि झोपच उडाली.

कारण हे वाक्य मी आधी ऐकलंय.

लोअर परळच्या फिनिक्स मॉलमध्ये बिग बझार नवं नवं आलं होतं, २००१-०२ च्या आसपास. मी शाळेत. बाबांची गिरणी १९८२ च्या संपानंतर परत उघडलीच नाही, आई घरून डबे करायची. साखर तिथे स्वस्त मिळते असं शेजारच्या काकूंनी सांगितलं म्हणून आम्ही दोघी चालत निघालो. आधी करी रोडचा पूल, मग डिलाईल रोड, मग लोअर परळचा पूल. दारात पिशवी जमा करायला सांगितली, सगळ्यांनाच सांगत होते. आईच्या पिशवीत रेशनकार्ड होतं, ते ती ठेवून जाईना. मग कार्ड बाहेर काढलं, हातात धरलं, दुसऱ्या हातात टोकन. एवढं मोठं दुकान ती दोन्ही हात गुंतलेले ठेवून फिरली. वस्तू मी उचलायच्या, किंमत वाचून सांगायची.

बिलाच्या रांगेत आमच्या मागे दोन बायका होत्या. त्यातली एक दुसरीला इंग्रजीत म्हणाली, हल्ली इथे कोणीही यायला लागलंय. आईला शब्द कळले नाहीत, पण तिला सूर कळला असणार. तिने विचारलं, "काय म्हणाल्या गं त्या?" मी सांगितलं, रांग मोठी आहे म्हणाल्या.

पाच किलो साखर आम्ही हात बदलत बदलत दोन पुलांवरून घरी आणली. तेव्हा आईला खोटं सांगितलं ते आजतागायत सांगून टाकलेलं नाही. आणि आज सकाळी तिचा फोन, "ग्रुपवर एवढे मेसेज कसले येतायत, वाच ना." मी म्हटलं गाडीत आहे, नंतर वाचते.

तुमच्याकडे असं कधी झालंय का? दोन्ही बाजूंनी लिहा. मला खरंच ऐकायचंय.

डिलाईलरोडी:
बीडीडी चाळ. १६० चौरस फुटांत आम्ही नऊ जण. पुढचं काय सांगू.

मेथीची_जुडी:
वाचून गळा दाटून आला. आईला सांगून टाक गं.

पवईत_पंधरा_वर्षं:
डी-मार्टचं पहिलं दुकान पवईलाच, हिरानंदानीत, २००२ चं. मी तिथे राहायला गेले तेव्हा त्याला बरीच वर्षं झाली होती, तरी बिल्डिंगमध्ये कुणी "मी तिथून आणलं" असं सहज म्हणायचं नाही. जात मात्र सगळेच होते.
एकदा महिन्याच्या पहिल्या रविवारी आमच्याकडे स्वयंपाकाला येणाऱ्या मावशी माझ्या पुढे उभ्या. त्यांच्या ट्रॉलीत तोच आटा, तेच तेल, तोच भांड्यांचा साबण. त्या वळून हसल्या. मी फोनमध्ये बघितलं. का बघितलं, काय वाटलं मला त्या क्षणी, याचा मी खूपदा विचार केलाय. घरी माझ्या ओट्याशी त्या उभ्या असतात तेव्हा मला काही वाटत नाही आणि रांगेत त्या माझ्या बरोबरीला उभ्या राहिल्या की वाटतं, हे फार वाईट आहे. दुसऱ्या दिवशी त्या नेहमीसारख्याच बोलल्या. मला मान वर करवेना.

गणेशगल्ली:
शोभणारा वर्ग!! जमीन कुणाची होती ते विचारा आधी. १९९१ च्या नियमात गिरणीच्या जागेचे तीन वाटे ठरले होते, एक पालिकेला मैदानं-बागांसाठी, एक म्हाडाला घरांसाठी, एक मालकाला. २००१ मध्ये बदल करून म्हणे वाटे फक्त मोकळ्या जमिनीचे, बांधकामाखालच्या जमिनीचे नाहीत. गिरणीत मोकळी जमीन असते किती? सुप्रीम कोर्टातही २००६ ला तेच कायम झालं. गिरणी कामगाराला म्हाडाच्या लॉटरीत घर लागलं तर २२५ चौरस फुटांचं, तेही लागलं तर. आमच्या चुलत्यांचा फॉर्म अजून तसाच आहे, चुलते गेले.

मेथीची_जुडी:
@गणेशगल्ली वारसाच्या नावाने होतं ना आता? माझ्या सासऱ्यांचं करायचंय. कुठली कागदपत्रं लागली?

गणेशगल्ली:
गिरणीचं तिकीट, पगाराची पावती, ईएसआयचं कार्ड, जे असेल ते शोधून ठेवा ताई. संध्याकाळी व्यवस्थित लिहितो, आता ड्युटीवर आहे.

सतराव्या_मजल्यावरून:
मी सेलच्या टॉवरमध्येच राहतो, तुमच्या नव्हे, भायखळ्याच्या. दोन्ही बाजू लिहा म्हणालात म्हणून लिहितो. आमच्याकडे असंच दुकान आलं आणि मी विरोधाच्या अर्जावर सही केली होती. नवराबायकोचे पगार वीस वर्षांच्या हप्त्याला बांधलेत. पहाटे साडेचारला टेम्पो रिव्हर्स घेताना तो पीं पीं आवाज, मुलगी दचकून उठायची. ती तक्रार खरी होती आणि मी आजही करीन. माल सातनंतर उतरवायचा असं ठरलं आणि आवाज थांबला.
पण आवाज थांबल्यावरही ग्रुपवरचं बोलणं थांबलं नाही. तेव्हा मला कळलं की बऱ्याच जणांचा त्रास टेम्पोचा नव्हताच. लोक बाहेरच्या कट्ट्यावर पिशव्या ठेवून बसतात, मुलं तिथे बिस्किटं खातात, याचे फोटो काढून ग्रुपवर टाकायचे. माझे वडील कळव्याहून येतात तेव्हा त्याच कट्ट्यावर बसतात. एका फोटोत ते होते.

करीरोडची_लेक:
@सतराव्या_मजल्यावरून दादा, हे लिहिलंत त्याबद्दल मनापासून आभार. फोटोचं ग्रुपवर बोललात का काही?

सतराव्या_मजल्यावरून:
"हे माझे बाबा आहेत" एवढंच लिहिलं. फोटो डिलीट झाला. कुणी काही म्हणालं नाही.

नायगावचा_नातू:
अपना बाजार नायगावात १९४८ ला सुरू झालं, कामगारांनी उभं केलेलं सहकारी दुकान. आजोबा भागधारक. तेव्हा स्वस्त दुकान म्हणजे अभिमानाची गोष्ट होती, "आपलं" दुकान म्हणायचे. आणि डी-मार्टवाल्या दमाणींनी आधी नेरूळला अपना बाजारचीच फ्रँचायझी घेतलेली. मुळं आमच्याकडेच आहेत म्हणायची.

पार्लेकाकू:
ग्राहक पंचायतीचं, म्हणजे घरांनी मिळून घाऊक माल आणून वाटून घ्यायचं, ते कुणालाच आठवत नाही वाटतं. मुंबईत १९७५ पासून. आमच्या संघाचं वाटप आमच्या हॉलमध्ये व्हायचं, गोणी फोडून, तराजू लावून, डॉक्टरीणबाई गूळ मोजतायत आणि बँकेतल्या वहिनी पोहे. साबुदाण्याची गोणी फुटली होती एकदा, दिवाळीपर्यंत सोफ्याखाली सापडत होता. स्वस्त घेण्यात कुणालाच कमीपणा नव्हता.

मेथीची_जुडी:
काकू 😂 साबुदाणा

वाण्याची_पोर:
भाजी फोडणीला टाकून लिहितेय, तुटक वाटलं तर समजून घ्या.
मी दुसऱ्याच बाजूची. आमचं चिंचपोकळीला किराण्याचं दुकान, आजोबांपासून. अशी साखळी जवळ आली की सगळ्यात आधी आम्ही मरतो, हे कुणी लिहीत नाही. ती ज्या भावाने साबण विकते त्या भावाने आम्हाला घाऊकमध्येसुद्धा मिळत नाही.
आणि एक गोष्ट सांगते. स्वस्त दुकान सगळ्यात गरिबाला स्वस्त पडतच नाही. पाच किलोचं पाकीट घेतलं तर सूट, त्यासाठी एक तारखेला हातात दोन-तीन हजार रोकड लागते. ज्याला रोज संध्याकाळी मजुरी मिळते तो आमच्याकडे येतो, दहा रुपयांचं तेल, पाव किलो तांदूळ, पाच रुपयांची चहापत्ती, आणि "वहीत लिही". सुट्या मालात किलोमागे त्याला जास्तच पडतं, मला माहीत आहे, मीच मोजून दिलंय. पण वही तिकडे नाही.
१९८२ च्या संपाची वही माझ्या वडिलांनी अजून जपून ठेवलीय. १८ जानेवारीला संप सुरू झाला. आठवडाभरात मिटेल असं सगळे म्हणत होते. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर. आजोबांनी मार्चपर्यंत सगळ्यांना दिलं, मग निम्म्यांना, मग त्यांच्याकडेच माल भरायला पैसे उरले नाहीत. वहीत पानंच्या पानं नावं, पुढे आकडा, आणि काही नावांवर फक्त "गावी गेले" असं लिहिलेलं. कोकणातून तीन-चार वर्षांनी मनीऑर्डरी आल्या काहींच्या. व्याजासकट नव्हे, पण आल्या. वडील तेवढ्या नावांपुढे खूण करून तारीख घालायचे.
त्यामुळे मला त्या टॉवरवाल्यांचा राग येतो आणि साखळीचापण येतो. दोन्ही एकदम.

डिलाईलरोडी:
@वाण्याची_पोर आमचे आजोबा गावी गेलेल्यांत असतील. सावंतवाडीकडचे. वाण्याने दिलं म्हणून पोरं जगली असं आजी म्हणायची, कुठला वाणी ते सांगायला आता कुणी नाही.

वाण्याची_पोर:
आडनाव व्यनि (खाजगी निरोप) करा दादा. वडिलांना वही काढायला सांगते. त्यांना आवडेल.

एसेनहून:
जर्मनीत एसेनला राहतो. आल्डी ही स्वस्त किराण्याची साखळी याच गावची, आईचं छोटं दुकान मुलांनी वाढवलेलं. माल खोक्यातच ठेवलेला, ट्रॉलीला नाणं लावायचं. आमच्या भागात कोळशाची मोठी खाण होती, १९८६ ला बंद पडली, आता तिथे संग्रहालय आहे. माझा शेजारी निवृत्त खाणकामगार, समोर सर्जनबाई, शनिवारी दोघंही आल्डीच्या पार्किंगमध्ये गप्पा मारतात. पहिल्यांदा बघितलं तेव्हा लालबाग आठवलं होतं. भांडणं इथेही आहेत, घरभाड्यावरून तर कडाक्याची, पण किराणा कुठून आणला यावरून माणूस जोखत नाहीत निदान आमच्या गल्लीत.

गणेशगल्ली:
तिकडे तूरडाळ मिळते का हो

एसेनहून:
मिळते. श्रीलंकन दुकानात. भाव विचारू नका.

परळ_भोईवाडा:
२६ जानेवारी २००६. बिग बझारचा "सबसे सस्ता दिन". आम्ही पाच जण सकाळी आठला. गर्दी एवढी की शेवटी पोलीस आले. बहिणीच्या लग्नाचं सामान घ्यायचं होतं, मिक्सर, कुकर, चादरी. मिक्सर मिळाला. दुसऱ्या दिवशी ऑफिसात सगळे हसत होते टीव्हीवरची गर्दी बघून, फुकट्यांची झुंबड म्हणाले एक जण. त्या झुंबडीत मी होतो हे सांगायला धीर झाला नाही. बहिणीकडे तो मिक्सर पंधरा वर्षं चालला.

ठाण्याची_ठकू:
आमच्याकडे दुकान नाही, पण सुक्या बोंबलांवरून लिफ्टमध्ये नोटीस लागलीय. वेगळा धागा काढू का?

पार्लेकाकू:
काढ. मीपण लिहीन, शाकाहारी असून लिहीन.

नऊवारीतली:
माझी आई घरकाम करायची, वरळीला. तिच्या बाजूने लिहिते, कारण इथे सगळ्यांनी बाहेरून लिहिलंय. २०२२ च्या दिवाळीत रेशनवर शंभर रुपयांत आनंदाचा शिधा मिळाला, रवा, चणाडाळ, साखर, पामतेल. आई ते घेऊन सरळ कामावर गेली, घरी यायला वेळ नव्हता. मालकीणबाई म्हणाल्या पिशवी दाराबाहेर ठेव. चांगल्या आहेत त्या, माझी फी भरलीय त्यांनी एक वर्ष. पण पिशवी बाहेर ठेव. आई दिवसभर दोनदा दार उघडून बघून आली पिशवी आहे का.
तुमच्या आईने रेशनकार्ड हातात धरलं ते वाचून मला तीच आठवली. ताई, आईला खरं सांगा. आमच्या आयांना सगळं कळतं, फक्त आपण सांगत नाही म्हणून त्याही विचारत नाहीत.

करीरोडची_लेक:
सगळ्यांचे प्रतिसाद ट्रेनमध्ये वाचले, ठाण्याला उतरायचं राहून गेलं. @नऊवारीतली, तुमचं वाचून सरळ लालबागलाच गेले.
आईला अर्ज जसाच्या तसा मराठीत वाचून दाखवला. शेवटच्या ओळीसकट. मग बिग बझारच्या रांगेतलंही सांगितलं. ती गवार मोडत होती. म्हणाली, "माहीत होतं मला. तू एवढीशी, तुला कशाला अजून विचारायचं." गवार मोडणं थांबवलं नाही.
मग म्हणाली, रविवारच्या मीटिंगला मी येणार. टेम्पो सातनंतर आणा हे आपणच आधी लिहून द्यायचं. अर्ज त्यांचा इंग्रजीत आहे ना, मग आपला मराठीत लिही आणि खाली इंग्रजीतपण लिही, त्यांना वाचून दाखवायला कुणी नसेल तर. आणि कोपऱ्यावरच्या वाण्याचं काय होणार तेही विचारायचंय तिला, तिची त्याच्याकडे वही आहे अजून.
@सतराव्या_मजल्यावरून, तुमच्याकडे माल उतरवायच्या वेळेचं पत्र कसं लिहिलं होतं? पाठवाल का?

सतराव्या_मजल्यावरून:
पाठवतो. रात्री जेवणं झाली की.

मेथीची_जुडी:
@गणेशगल्ली दादा ड्युटी संपली का? कागदपत्रांचं राहिलं.